कवा कळतंय मशीनला

पहिला प्रश्न मी हॉस्टेलात बसून लिहिला होता:
'डाळ निवडणाऱ्या मॉडेलची अचूकता वाढवता येईल का?'
हिप्परगे सरांनी चष्मा कपाळावर सारला.
"येईल. झालं तुझं संशोधन. चहा घे."

दुसरा लांबलचक होता,
त्यात एक 'स्वयंचलित', दोन 'सर्वंकष'.
सर म्हणाले, "हा प्रश्न पडलाय कुणाला?
त्या माणसाचं नाव सांग."

मला एकही नाव येईना.

मग लातूरच्या एमआयडीसीत, डाळमिलच्या पत्र्याखाली
तीन आठवडे धुरळ्यात बसले.
मशीन देखणं. दाणे घसरगुंडीवरून येतात,
कॅमेरा बघतो, हवेची नळी फुस्स करते,
वाईट दाणा उडून चुनीच्या पोत्यात.
मुजीबभाईंच्या पडद्यावर हिरवा आकडा,
जानेवारीत अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन,
जूनमध्येही अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन.
दर सोमवारी तो जुन्याच नमुन्यांवर परीक्षा द्यायचा,
पाठ झालेला पेपर,
आणि नव्यानं पास व्हायचा.

पोत्याशी सोजरबाई.
आधी इथं चौदा जणी होत्या निवडायला,
आता ही एकटी,
मशीननं फेकलेल्यातून चांगली डाळ परत वेचणारी.
"मशीन आक्रीत हाय बग. पर मार्चात बाहेरदेशची तूर आली,
बारकी, मातकट,
तवापासनं तेला चांगलं-वंगाळ उमजंना गेलंय."

तिच्या पाठीमागं भिंतभर खडूच्या रेघा.
एक सूप वेचलं की एक रेघ.
"मजुरीचा हिशेब. दुसरं काय?"

मी रेघा मोजत गेले.
सहा. सात. सहा.
बारा. एकोणीस.
एका मंगळवारी सव्वीस, शेवटच्या दोन कोळशानं,
खडू संपला असणार.
कचेरीच्या वहीत पहिली तक्रार
त्यानंतर अठरा दिवसांनी.

"पोरी, तू शिकलेली. एवढं सांग.
मशीनला कवा कळतंय, आपलं चुकायलंय म्हणून?"

तिचं वाक्य मी अर्जाच्या भाषेत आणलं:
'कच्चा माल बदलल्यावर, खरी उत्तरं हाती नसताना,
मॉडेलची घसरण किती दिवसांत
आणि कोणत्या खुणेवरून ओळखता येते?'
तिचं सात शब्दांचं होतं.
सरांनी दोनदा वाचलं, लाल पेनाला टोपण लावलं.
या वेळी नाव त्यांनी विचारलं नाही.
मीच सांगितलं.

'डेटा कुठून घेणार' या रकान्यात
'भिंत' लिहून खोडलं.
आणि एक गोष्ट कुठल्याच रकान्यात मावेना:
उत्तर सापडलं,
तर पोत्याशी बसायला कुणी लागणार नाही.
सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "व्याप्तीबाहेर."
मग थोड्या वेळानं, "तरी लिहून ठेव. मागच्या पानावर."

काल गंजगोलाईतून खडूची पेटी नेली तिला,
बारा कांड्या, पांढऱ्या.
तिनं एक मोडून बघितली.
"रंगीत न्हवते का गं?
माल बदलला की येगळा रंग लावला असता.
मंजी तुला मागनं विचारायचं काम न्हाई."