जन्मस्थळ

वैजूचा फोन आला टोलेडोहून.
"काका, मुलगी झाली. सात पौंड.
आणि ऐका, ही इथं जन्मली,
म्हणजे उद्या राष्ट्राध्यक्ष होऊ शकते.
मी नाही. तिचा बाबाही नाही.
आम्ही कितीही वर्षं कर भरला तरी नाही."
हसली, मग टाके दुखले म्हणून थांबली.

मी खानापुरात एकतीस वर्षं
जन्म-मृत्यूची वही लिहिली.
निळ्या शाईनं जन्म, निळ्याच शाईनं मृत्यू.
लिहायचो कन्नडात, मोजायचो मराठीत,
खाडाखोड झाली की शिवी कुठल्या भाषेत यायची
ते सांगत नाही.

माझा स्वतःचा दाखला मुंबई राज्याचा.
दोन वर्षांचा होतो,
एका नोव्हेंबरात म्हैसूर राज्यात गेलो.
चालत नाही, बैलगाडीनं नाही,
ओसरीवर बसून चुरमुरे खात गेलो.
आड तिथंच, गोठा तिथंच,
हद्द तेवढी रात्रीत उठून
घराच्या दुसऱ्या अंगाला जाऊन निजली.

ज्या मातीवर जन्म, त्या मातीचं माणूस,
असा म्हणे वैजूकडचा कायदा.
आमची माती कौलांना जाते, कुंड्यांना जाते,
भट्टीत भाजून ट्रकनं गोव्याला जाते.
तिला नाक्यावर कोणी विचारत नाही
तू कुणाकडची.

फोन ठेवला आणि तुळसा घाडी आठवली.
नंदगडकडच्या सात वाड्यांची सुईण.
निम्म्या तालुक्याची नाळ तिनं कापली,
वार पुरली कुणाच्या फणसाखाली, कुणाच्या न्हाणीमागं,
आणि म्हातारपणाच्या पेन्शनला आली
तर तिच्याच जन्माची नोंद कुठं नाही.
"कधी जन्मलीस, मावशी?"
"पटकीच्या सालात. काजूला मोहोर होता बघ."
रकान्यात मोहोर बसेना.

मी आपला गमतीनं म्हटलं,
"मावशी, राष्ट्रपतीला आपल्याकडं जन्मगाव विचारत नाहीत.
देशाचा नागरिक पाहिजे, पस्तिशी भरलेली पाहिजे,
आणि पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक."
"पन्नास? अरे, हजारभर माणसं
पयल्यांदा रडली ती माझ्या हातात.
बोलाव की सगळ्यांस्नी!"
ते सूचक आमदार-खासदारच लागतात
हे माझ्या तोंडून निघालं नाही.
"ऱ्हाऊ दे," तीच म्हणाली,
"पेन्शनीचं काय करूलायस ते सांग."

शेवटी डॉक्टरनं दात बघून वय लिहिलं.
दात चारच होते.

संध्याकाळी दाखल्याचा फोटो आला मोबाइलवर.
जाड कागद, उठावदार शिक्का,
आमच्या शिक्क्याला तसा उठाव कधी आला नाही.
नाव ठेवलंय माझ्या वहिनीचं, मृणाळ.
पण कागदावर वाचलं तर मृणाल.
ळ गेला.
तिथल्या कारकुनाचा दोष नाही,
त्याच्या सव्वीस अक्षरांत ळ नाहीच.

इथं जन्मली असती
तर मी कन्नडात लिहिली असती ळ सकट.
आहे त्यांच्याकडंही, चांगला गोल, पोटात वळसा घेतलेला.
एकतीस वर्षं रोज लिहिला की मी,
वहीच्या चौथ्या रकान्याच्या डोक्यावरच होता,
जन्मस्थळ,
दोन्ही भाषांत तोच शब्द, तोच ळ.
पाट्या फासल्या गेल्या, बस पेटल्या, खटला दिल्लीत पडून,
ळ वर मात्र कोणी दावा लावला नाही.

रात्री वैजूला लिहिलं,
पस्तीस वर्षांनी मी काही बघायला नसणार.
राष्ट्राध्यक्ष होवो नाही तर तिथली सुईण होवो,
पोरीला आत्तापासून
जीभ मागं वळवून टाळूला लावायला शिकव.
शपथ घेताना
आधी स्वतःचं नाव घ्यावं लागतं.