चुकलेल्या नेमाचा एक गुण

आमच्या खेळात दोन खांब उंच, दोन बुटके.
उंचांमधून चेंडू गेला तर सहा गुण,
उंच-बुटक्याच्या फटीतून गेला तर एक.
नेम चुकला, पण फार नाही चुकला, म्हणून एक.
इतका दिलदार हिशेब मी दुसरीकडे पाहिला नाही,
बँकेत तर नाहीच.

एकतीस हंगाम मी त्या खांबांमध्ये उभा होतो,
पांढरा कोट, दोन हातांत दोन झेंडे.
डावा पाय पाचव्या वर्षीच पोलिओने नेला,
धावणाऱ्यांच्या गावात मला उभं राहण्याचं काम मिळालं.

कारेल्डी फुटबॉल क्लब. स्थापना एकोणीसशे नऊ,
नोस्के लोहाराच्या भट्टीमागे, हजर अकरा.
ठराव पहिला : जर्सी तपकिरी,
कारण धूळ तपकिरी, आणि धुवायला पाणी नाही.
ठराव दुसरा : रविवारी सराव नाही, पाद्रीबाबांची खिडकी मैदानाकडे आहे.
तिसऱ्यावर शाई सांडली आहे.

पंधरा साली अठरांतले चौदा बोटीत बसले.
वहीत एवढंच : 'संघ अपुरा. सामना रद्द.'
मग कोरी पानं.
मग एकोणीस साली नवं अक्षर, नवी आडनावं,
आणि कप्तान म्हणून आर्नो नोस्के,
ज्याला जर्मन म्हणून मधली सगळी वर्षं
दुकानात उधारीवर मीठसुद्धा मिळत नव्हतं.

एकोणसाठला सिरिलने एका सामन्यात अकरा गोल मारले.
मिशनवरून सायकलने यायचा, बूट गळ्यात अडकवून.
मैदानावर त्याला खांद्यावर घेतलं,
संध्याकाळी हॉटेलच्या दारात नाही घेतलं.
हे वहीत नाही.
मी तेरा वर्षांचा होतो, त्याची सायकल धरून बाहेर उभा.

एकाहत्तरची अंतिम लढत. वॉरंडूशी बरोबरी.
भोंगा वाजला तेव्हा चेंडू वेस ट्रेगेन्झाच्या हातात,
म्हणजे एक किक बाकी.
मैदानाभोवती गाड्या, काचांमागे घोंगड्यांतली म्हातारी माणसं,
ऑलिव्हच्या मटण-पाय अर्ध्या खाल्लेल्या.
वेसची किक सुटली, वाकडी झाली,
फटीतून गेली.
मी एकच झेंडा हलवला
आणि तालुकाभरचे हॉर्न वाजले.
आमचं एकमेव अजिंक्यपद चुकून मिळालेलं आहे.
वेस आयुष्यभर सांगत राहिला, वारा होता.
वारा नव्हता. मी तिथे होतो.

पुढचं पटकन सांगतो.
रेल्वे गेली, मागोमाग शाळा, मग बँक.
कापणीचं यंत्र आलं ते सात माणसांचं काम करायचं,
पण शनिवारी खेळायला उतरायचं नाही.
शेवटच्या हंगामात वेस, एक्कावन्नाचा, पाठीमागे,
त्याचा नातू, पंधराचा, पुढे,
आणि मध्ये बरीचशी मोकळी हवा.
एका सामन्यात मी माझ्या टोकाला एकेचाळीस वेळा
दोन्ही झेंडे हलवले, सगळे त्यांच्यासाठी.
खांदा अजून दुखतो.

मग विलीनीकरण. वॉरंडू-कारेल्डी.
जोडनावातली आमची बाजू दोन हंगाम टिकली,
मग संयोगचिन्हासकट गळून पडली.

आता मैदानावर मेंढ्या.
मिठाची झुडपं पन्नास मीटरच्या रेषेपर्यंत आली आहेत.
कौन्सिलने खांब काढले तेव्हा विचारलं, कुणाला हवेत?
उंच दोन वॉरंडूने नेले.
एक बुटका मी आणला, परसात रोवला,
थेल्माच्या कपड्यांची दोरी त्यालाच बांधली आहे.

पश्चिमेचा वारा उठला की चादरी फुगतात,
मी पायरीवर बसून उगाच मोजतो.
आज एक टॉवेल सुटला, थेट खांबावर आपटला.
'किती?' थेल्माने आतून विचारलं.
बुटक्या खांबाला लागलेलं धरत नाहीत.
मी काठी घेऊन उचलायला उठलो.