रात्रपाळीचा तक्ता

बेलमुलेट, जानेवारी. फळ्यावरची नावं
अट्रॅक्टा ओल्या बोळ्यानं पुसते:
रोवेना, ताप. डेक्लन, ताप.
स्वयंपाकीणबाईला सकाळपासून उलट्या.
एजन्सीचा फोन नुसता वाजत राहतो.

पूर्वेकडच्या खोल्यांत गेलेल्यानं
पश्चिमेकडे यायचं नाही, नियम तिचाच;
आता दोन्हीकडे मिळून माणूस एकच,
ती.

बारा नंबरच्या दारातून मॅलकी विचारतो,
"आज रात्री कोण?"
मास्कमागून खोटं बोलणं सोपं असायला हवं होतं.

"माझं नाव घाल. चाळीस वर्षं दीपगृहावर जागलोय,
झोप तशीही येत नाही.
शेजारच्या नोराचा खोकला थांबला
तर घंटा दाबेन."

ती हसत नाही. मार्कर उचलते:
मॅलकी, खोली बारा. अंथरुणातून.

पहाटे चारला घंटा वाजते.
हातमोजे बदलत ती धावते.