माशा बांधणारी

वागळे इस्टेटच्या सोळा नंबर रस्त्यावर,
दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात
मी माशा बांधते.
मारत नाही, बांधते.
हे लोकांना दोनदा सांगावं लागतं.

शिकंज्यात आठ नंबरचा गळ.
त्यावर काळा धागा, सशाची लव,
चंदेरी तारेचे पाच वेढे, सहा नाही.
मग मानेपाशी कोंबड्याचं पीस,
पाण्यात हललं तर जिवंत वाटावं इतकं सैल,
माशाने ओढलं तर सुटू नये इतकं घट्ट.
शेवटी डोक्यावर लाखेचा एक थेंब.
साबणाने बोटं घासली तरी
रात्री भाकरीला त्याचाच वास.

डझनाची एक डबी.
डबीवरच्या गावाचं नाव मला वाचता येत नाही,
त्यातल्या एका अक्षरावर दोन टिंबं आहेत,
कुणी हळदीकुंकू लावल्यासारखी.
तिथलं तळं म्हणे जूनपर्यंत गोठलेलं असतं.

मस्कारेन्हस सरांनी भिंतीवर चित्र लावलंय.
वर ट्राउट, अंगभर ठिपके.
खाली दुसरा, पोटाशी केशरी. नाव चार.
"एकच तर आहे," तरन्नुम म्हणाली, "बाकीचे तीन?"
जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही हसत होतो.
सर म्हणाले, तो बर्फाखाली वीस-वीस वर्षं जगतो,
अंधारात, फार न हलता.
तरन्नुमला परवाच वीस लागलं.
ती पुन्हा धाग्याकडे वळली.

चेंदणीला बाबा फाटलं जाळं सांधत होते.
मी सांगितलं:
माणूस कमरेएवढ्या गार पाण्यात उभा राहतो,
दोरी हवेत मागे-पुढे झुलवतो,
माशी पाण्यावर टेकवतो, उचलतो, टेकवतो,
दिवस जातो.
मग कधीतरी लागतो, हातभर लांब, दहा किलोचा.
तो हात ओले करतो, गळ काढतो,
आणि त्याला सोडून देतो.

"सोरून देतो?" बाबांची सुई थांबली.
"मंग धरतो कनाला?"

मी पर्समधून नापास झालेली एक माशी काढली.
त्यांनी ती उन्हात धरली,
गळाच्या टोकावरून अंगठा फिरवला, परत फिरवला.
"काटा नाय हिला?"
नसतो, म्हटलं. मासा दुखावू नये म्हणून.
समोर ओहोटीच्या चिखलात दोन निवट्या टुणटुणत होत्या,
पलीकडे पिशव्या, एक चप्पल.
"काटा नाय," बाबा म्हणाले,
"त मावरा आपले मर्जीन ऱ्हातो."
माशी त्यांनी टोपीला खोचली.
माझ्याकडे पाहिलं नाही.
घर सोडून मला सहा वर्षं झालीत;
दर रविवारी मी येते.

मार्चमध्ये मोठी मागणी होती.
घाईत माझा एक केस धाग्याबरोबर गुंडाळला गेला,
अर्धा काळा, अर्धा पांढरा.
दिसला तेव्हा लाख वाळली होती.
भिंगाखाली तो पास झाला.

ऑगस्टमध्ये एक पाकीट परत आलं.
आत एकच माशी, चावून चोथा झालेली,
तार उसवलेली, पिसाचा नुसता दांडा.
सोबत चिठ्ठी. सरांनी वाचून दाखवली:
या एकीवर अकरा मासे आले, बाकीच्यांवर दोन.
हिच्यात वेगळं काय घातलंत?

सगळ्या आपापल्या शिकंज्याकडे बघत राहिल्या.
मी ती माशी खिडकीशी नेली, वेढे मोजले.
पाच.
केस नव्हता.
तिथेच राहिला असेल, त्या गार अंधारात,
एखाद्याच्या दातात,
किंवा माशी माझी नसेलच.
वेढे तर आम्ही सगळ्याच पाच घालतो.

आज नवी मागणी आलीय, बारा डझन.
तरन्नुम विचारते, "ताई, हल्ली केस मोकळे का?"
पंखा बंद कर आधी, मी म्हणते,
पिसं उडतायत.