सत्याऐंशी हजारांचा पाय

निकेशदादाला नागपूरहून आणलं तेव्हा
बाबा त्याला खाटेवर ठेवताना म्हणाले,
"हळू रे बाप्पा, सत्याऐंशी हजारांचा पाय आहे."
आत रॉड, वर टाके.
त्या दिवसापासून डाव्या पायाला तेच नाव पडलं.

पैसे तीन ठिकाणचे होते:
मंगळवारच्या गटाचे,
साकोलीच्या कापडवाल्या सेठचे,
आणि आत्याची एकदाणी, गहाण.
आत्या तिच्याबद्दल कधी बोलली नाही,
फक्त लग्नाकार्यात
पदर गळ्याभोवती ओढून बसायची.

बाबांनी कपाटाच्या दाराला आतून
कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं
आकडे मांडले.
दार उघडलं की आधी कर्ज दिसायचं,
मग माझा शाळेचा ड्रेस.

आई चैतात मोहफुलं वेचायची,
पावसाळ्यात रोवणीला जायची,
रात्री पायाच्या चिखल्यांना हळद लावत बसायची.
थंडीत शिंगाडे उकडून बसस्टँडवर.
माझ्याकडे काज-बटणं.
मांडीवर इतिहासाचं पुस्तक, हातात सुई;
अजून पानिपत म्हटलं की
माझं पहिलं बोट दुखतं.

दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला.
"मेलो असतो तर स्वस्तात पडलो असतो,"
एकदा म्हणाला.
तांदूळ निवडणारा आईचा हात
सुपात थांबला, तसाच राहिला.
कोणी काही बोललं नाही.

सकाळी बाबांनी
आजोबांची जुनी मशीन फरफटत खाटेजवळ आणली.
"डॉक्टरनं पाय हलवायला सांगितला नं?
शिवू नको. नुसता पाय मार."
दहा मिनिटं. मग अर्धा तास.
मग एक दिवस बाबांनी, काहीच न बोलता,
सुईखाली चिंधी सरकवली.
चिंधीनंतर उशीचे अभ्रे,
अभ्र्यांनंतर शाळेच्या हाफपँटा.

मंडईच्या दिवसांत नाटकवाल्यांचे कपडे आले.
लाल मखमल, खोटी जर.
रात्री दोन वाजता दादा
एका बाहीचा अंगरखा घालून
काठी टेकत उभा राहिला:
"प्रधानजी, खजिन्यात किती उरले?"
"महाराज, दोनशे दहा."
आई अंथरुणातून म्हणाली,
"मंगळवारपर्यंत तरी राज्य चालवा, महाराज."
इतकं हसलो
की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

गटाचा साहेब दादाच्याच वयाचा.
एकदा त्याच्या शर्टाची बाही उसवली होती,
बाबांनी तिथंच, समाजमंदिराच्या ओट्यावर शिवून दिली,
पैसे घेतले नाहीत.
त्यानंही हप्त्यात रुपया सोडला नाही.
दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

आणि एका मंगळवारी चारशे कमी पडले.
आई सतरंजीवर बसून नोटा पुन्हा मोजत होती,
मोजल्यानं वाढतील अशा.
शेवंता डोंगरवार,
जिच्याशी मोरीच्या पाण्यावरून
तीन वर्षं बोलणं बंद,
उठली, चारशे ठेवले,
आणि आमच्याकडे न बघता
जागेवर जाऊन बसली.

या माघात एकदाणी सुटली.
आत्यानं तळहातावर तोलली,
"राहू दे आता, गळ्याची सवय गेली," म्हणाली,
तरी घरी जाताना घालूनच गेली.
बाबांनी ओल्या फडक्यानं दार पुसलं.
लाकडात निळा रंग थोडा राहिलाच.

आईनं खडू मागून घेतला.
अगदी खाली, जिथं माझी चप्पल असते,
तिथं लिहिलं: शेवंता, ४००.
तिला सही येते तेवढंच येतं, असं आम्हाला वाटायचं.

शेवंताकाकू पैसे घेत नाहीत.
तीनदा नेले, तीनदा परत आणले.
बोलणं अजून बंदच आहे,
मोरीचं पाणी अजून तिच्याच अंगणात जातं.

काल दादा पाय ओढत, फावडं घेऊन
मोरीकडे गेला.
खड्डा अर्धा झाला आहे.