मुदत संपली

मार्केट यार्ड, सांगली. हळदीच्या अडतीवर
स्क्रीनभर लाल पट्टी:
मुदत संपली. पैसे भरा.
हिशेब दिसतो, हात लावता येत नाही.
"आकडे आपले, अन् दरसाल भाडं त्यांना?"
आवटी शेठ तपकीर झटकत म्हणाले.

शाहीननं मग फुकटातलं उतरवून घेतलं.
रकाने जरा सरकले, बेरीज तीच आली.
फक्त जुन्या फॉन्टपायी सगळे रफार उडाले:
कर्नाळचं कनाळ, बुर्लीची बुली,
भूपाल बिर्नाळे नुसतेच बिनाळे.

ती एकेक रफार परत चढवत बसली.
सौदा उठला, हमाल गेले, दिवे लागले.
"किती वाचले गं?"
"साडेचार हजार," ती म्हणाली,
अन् पिवळ्या बोटानं
बिर्नाळेंच्या डोक्यावर
शेवटचा रफार ठेवला.