कडेला उभं लिहिलेलं

वीजबिलाच्या पाठीवर यादी केली.
सतरा कामं. अठराव्याला जागा उरली नाही,
तर ते कडेला उभं लिहिलं.
आता ते वाचायचं तर मान वाकडी करावी लागते.

बुधवार. उद्या पाणी बंद, म्हणून पिंपं.
भोंडेबाईंच्या ब्लाउजला अस्तर,
लग्न संध्याकाळी, तेही मांजरीला.
सोसायटीचा चेक. गॅसचा नंबर.
शिलाई मशीनचा पट्टा घसरतोय, रविवार पेठेतून नवा.
यशोधनच्या शाळेत सही, ती कालच हवी होती.
आणि मी दारात,
एका हातात कात्री, दुसऱ्यात दुधाची पिशवी,
कुठलंच न करता
पाव तास उभी.

वरच्या रूथ साळवे रात्रपाळी संपवून
जिना चढत होत्या. बावीस वर्षं कॅज्युअल्टीत.
थांबल्या. यादी मागितली, नाडी बघायला हात मागावा तशी.
म्हणाल्या, "एकदम दहा जण आत आले ना,
तर जो ओरडतोय त्याच्याकडे मी नंतर जाते.
ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे.
गप्प कोण पडलंय ते आधी बघायचं."
आणि जांभई देत वर गेल्या.

मी यादी पुन्हा वाचली, कान देऊन.
भोंडेबाई ओरडत होत्या, सकाळपासून तीन फोन.
चेक ओरडत होता, नोटीस बोर्डावर, लाल शाईत.
पिंपं तर रिकामी असली की जास्तच वाजतात.
मग मान वाकडी केली.

आईचं कानाचं मशीन.

तीन आठवडे, एका यादीतून दुसऱ्या यादीत,
उसवलेला धागा न तोडता ओढत न्यावा तसं.
तिनं एकदाही आठवण केली नव्हती.
आम्ही हसलो की ती हसायची, जरा उशिरा.
परवा बेल वाजत राहिली
आणि ती शेंगा सोलत बसलेली.
मला राग आला होता.
तिचा.

पिंपं भरली, पाणी कुणासाठी थांबत नाही.
भोंडेबाईंना सांगितलं, तीन वाजता, आधी नाही.
त्या काय म्हणाल्या ते लिहीत नाही.
बाकीची कामं बिलावरच राहिली,
आणि त्यांतलं एकही मेलं नाही.

टिळक रोडवरचा जिना अरुंद. आईनं माझा दंड धरला.
दुकानातल्या पोरानं ब्रशनं मळ काढला, नळी बदलली.
अकरा मिनिटं. साडेचारशे रुपये.
एवढंच होतं ते.

धनकवडीला परतलो. मी चहा टाकला.
आई स्वयंपाकघराच्या दाराशी थबकली,
डोकं एका बाजूला, चिमणीसारखं.
"मोरीतला नळ गळतोय गं," म्हणाली,
"केव्हापासून?"

बिल शोधलं, पेन्सिल शोधली.
जागा नव्हतीच.
अस्तर माझी वाट बघत होतं.
बघू दिली,
चहा उकळेपर्यंत.